घाट कोण चढतो?

शोजा गाव मागे पडलं की जलोडीचा रस्ता अंगावर येतो. हिमाचल प्रदेशातल्या कुल्लू जिल्ह्यातली ही खिंड सुमारे 3,120 मीटर उंचीवर आहे, आणि तिच्या अलीकडचे पाचेक किलोमीटर इतके उभे आहेत की बसगाड्याही पहिल्या गियरमध्ये गुरगुरत चढतात. सायकलस्वाराने सगळ्यात हलका गियर केव्हाच टाकलेला असतो. पॅडलचा एक फेरा पुरा होतो तेव्हा चाकाचाही जेमतेम एकच होतो. वेग इतका कमी की हँडल डगमगू लागतं, आणि तोल सावरण्यातच निम्मी ताकद जाते.

बियासकाठच्या औटपासून इथवर सुमारे पन्नास किलोमीटरमध्ये दोन हजार मीटरची चढण होते. हवेत प्राणवायूचं प्रमाण वर-खाली सारखंच, पाचातला एक भाग. पण खिंडीत हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सत्तर टक्क्यांच्या आसपास उतरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासात येणारा ऐवजच कमी असतो. छाती भात्यासारखी चालते आणि तरी पुरत नाही. अशा वेळी थांबलेल्या मोटारीतून कुणीतरी कौतुकाने म्हणतं, “काय तपश्चर्या आहे हो तुमची!”

हा शब्द सहज वापरला जातो. पण तो खरा आहे का? स्वतः हौसेने ओढवून घेतलेल्या कष्टाला तप म्हणावं का, हा जुना आणि गंभीर प्रश्न आहे, आणि सायकलवरून डोंगर चढणाऱ्याला तो कुणाहीपेक्षा जवळून भिडतो.

गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराच्या तपाची यादी आहे. देवाचं, गुरूचं, ज्ञानी माणसांचं पूजन, स्वच्छता, सरळपणा, ब्रह्मचर्य, अहिंसा. तीत उपाशी राहणं नाही, थंडीत कुडकुडणं नाही, डोंगर चढणंही नाही. उलट शरीराला आणि त्याच्या आत राहणाऱ्यालाही पिळून काढणाऱ्या घोर तपाला त्याच अध्यायात आसुरी म्हटलं आहे. मान, सत्कार आणि पूजा मिळावी म्हणून दंभाने केलेलं तप राजस, आणि ते टिकाऊ नसतं, असंही तिथे सांगितलं आहे. आज प्रत्येक चढाची वेळ मोबाइलमध्ये नोंदली जाते आणि अनोळखी माणसांच्या वेळांशी ताडून पाहिली जाते. म्हणून हा इशारा फार जवळचा वाटतो. गौतम बुद्धानेही सहा वर्षं देह झिजवून पाहिला आणि मग सुजातेच्या हातची खीर घेतली. ज्ञान त्यानंतर झालं.

आपल्या संतांनीही कायाक्लेशाला कधी फारसं मोल दिलं नाही; घरबसल्या नाम घ्या म्हणाले. आणि तरी त्यांच्या पादुका घेऊन लाखो माणसं दर आषाढीला आळंदी-देहूहून पंढरपूरला पायी जातात. आळंदीहून हा प्रवास अडीचशे किलोमीटरच्या घरात जातो. दिवेघाटात माउलींच्या रथाला बैलांच्या जादा जोड्या लावाव्या लागतात, इतका तो चढ खडा. नाशिकहून सायकलवारीही निघते. मग हा विरोधाभास नव्हे का? वारीत दोन पावलं चाललेल्याला तो तसा वाटत नाही. तिथे दुखणारे पाय ही विठ्ठलाला चुकवायची किंमत नसते. पाय दुखतात, कारण चालणं लांबचं आहे. आणि चालणं लांबचं आहे, कारण नामाला आणि सोबतीला तेवढा वेळ हवा आहे. कष्ट वाटेत भेटतात. ते मिळवायला कुणी निघत नाही.

जलोडीच्या दोन्ही बाजूंच्या प्रदेशाला सराज म्हणतात, आणि सराजात चालतात ते देव.

देशभर दसरा संपतो त्या विजयादशमीला कुल्लूचा दसरा सुरू होतो आणि सात दिवस चालतो. सतराव्या शतकात राजा जगतसिंहाच्या काळात अयोध्येहून आणलेल्या रघुनाथजींच्या भेटीला खोऱ्याखोऱ्यांतले दोनशेहून अधिक देव ढालपूरच्या मैदानात येतात. ते पायी येतात, म्हणजे माणसांच्या खांद्यावर. दोन लांब दांड्यांवर पेललेला लाकडी रथ, त्यावर रेशमी वस्त्रं, आणि पुढच्या बाजूला सोन्याचांदीचे, अष्टधातूचे मुखवटे. त्यांना मोहरे म्हणतात. पुढे ढोल, नगारे, लांबलचक करनाळ आणि वळणदार रणसिंग. आनी-निरमंडकडच्या बाह्य सराजातले देव निघतात ते ही जलोडी खिंड ओलांडून, कित्येक दिवस चालत. खाली बस धावते, जीप मिळते. देव मात्र चालतच जातो.

रथ खांद्यावर घेणाऱ्यांची श्रद्धा अशी की रथ ते हलवत नाहीत. तो झुकतो, मागे सरतो, एखाद्या दारापाशी अडून बसतो, तो देवाच्या मर्जीने. देव गूराच्या तोंडून बोलतो, कारदार व्यवहार पाहतो, बाकीचे देवलू खांदे देतात. चढावर एकाचा खांदा भरून आला की दुसरा खाली शिरतो आणि दांडी जमिनीला टेकत नाही. खिंडीवर पोचल्यावर ‘मी चढलो’ असं त्यांच्यातलं कुणी म्हणत नाही. देव आला, एवढंच म्हणतात.

बाहेरच्याला हे भाबडं वाटेल. पण कर्तेपणाचा हाच प्रश्न गीतेच्या अठराव्या अध्यायात रोखठोक मांडला आहे. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान म्हणजे शरीर, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या हालचाली, आणि पाचवं दैव. त्यात फक्त स्वतःलाच कर्ता मानणाऱ्याला नीट दिसत नाही, असं तिथे म्हटलं आहे. सायकलवर बसून घाट चढताना ही मांडणी अक्षरशः मांडीखाली जाणवते. पोटऱ्या आहेत, मन आहे, साखळी-गियर आहेत, पॅडलचा फेरा आहे. आणि दैव? 2023 च्या जुलैमध्ये बियासला आलेल्या पुराने कुल्लू-मनालीचा रस्ता ठिकठिकाणी खरवडून नेला. पुढचं वळण शाबूत आहे याचं श्रेय कुठला सायकलस्वार घेणार? रस्ता खोदणारे हात, बर्फ हटवणारे हात, मधल्या टपरीवर चहा टाकणारे हात हेही त्याच चढात आहेत. मोटारीत हे विसरायला होतं. सायकलवर विसरता येत नाही, कारण एकाने हात काढला तरी पाय थांबतात.

कमी वेगाची आणखी एक देणगी म्हणजे रान. खाली चीड, लांब सुयांच्या पानांचं, उन्हात राळेचा वास सोडणारं झाड. वाटेतल्या जिभी गावाच्या आसपास देवदार आणि कैल गर्दी करू लागतात, त्यांच्या वर रई आणि तोश, आणि खिंडीजवळ काटेरी कडांच्या पानांचा खरसू ओक. मोटारीतून ही सगळी एकच हिरवी भिंत दिसते. सायकलवर दिवसभरात ती झाडं एकेक करून भेटतात. एका वळणावर सावली बदलते, वास बदलतो, वाऱ्याचा आवाज बदलतो, आणि पाहणाऱ्याला कळतं की आपण वरच्या मजल्यावर आलो. कालिदासाने रघुवंशात देवदाराला शंकराचा मानलेला मुलगा केलं आहे. रानहत्तीने अंग घासून साल सोलली म्हणून पार्वतीला पोटच्या पोराला जखम झाल्यासारखं दुःख झालं, आणि त्या झाडाच्या राखणीला शंकराने सिंह नेमला. सराजात आजही देवाच्या नावाने राखलेली बनं आहेत, आपल्याकडच्या देवराईची सख्खी बहीणच, आणि देवाला विचारल्याशिवाय त्यांना कुऱ्हाड लावायची नाही, अशी रीत आहे. याच वाटेवरच्या बंजारजवळच्या चैहणी कोठीचा उंच मनोरा दगड आणि देवदाराच्या तुळया आळीपाळीने रचून उभारलेला. 1905 च्या भूकंपात त्याचे वरचे मजले गेले. उरलेला अजून उभा आहे. त्या तुळया पाहिल्यावर पुढच्या देवदाराकडे नुसतं देखावा म्हणून बघवत नाही.

तेव्हा मोटारीतल्या त्या माणसाला काय उत्तर द्यावं? प्रामाणिक उत्तर असं, की चढ हे तप नाही. फार तर तपाला मिळालेली जागा आहे. दम लागला की माणूस चिडतो, घड्याळ बघतो, पुढे गेलेल्याचा मत्सर करतो. किंवा मान वर करून तोशाच्या शेंड्याकडे पाहतो, आणि मागून धापा टाकत येणाऱ्याला आपली पाण्याची बाटली देतो. दोघांच्या पोटऱ्या सारख्याच दुखतात.

खिंडीवर महाकालीचं मंदिर आहे. सायकल तिथेच उभी करायची आणि खरसूच्या रानातून पाचेक किलोमीटर पायी जायचं. पायवाटेच्या शेवटी सरेउलसर नावाचं तळं लागतं, काठावर बुढी नागिणीचं देऊळ. भाविक तळ्याभोवती तुपाची धार सोडत प्रदक्षिणा घालतात. चहूबाजूंनी झाडं दाटलेली, तरी पाण्यावर पान दिसत नाही. आभी नावाचा एक लहानसा पक्षी पडेल ते पान चोचीने उचलून नेतो, असं इथले लोक सांगतात. घामाने भिजलेला अंगरखा पाठीवर गार पडू लागतो. सायकलस्वार काठावरच्या दगडावर बूट काढून बसतो. वाऱ्याची झुळूक येते, एक सुकलं पान गिरक्या घेत खाली येतं आणि पाण्याला टेकतं. परतीची वेळ झालेली असते. तो तसाच पक्ष्याची वाट पाहत बसून राहतो.