झालं म्हणून समजा

इंग्रजीत एकूण बारा काळ असतात असं आम्हाला शाळेत शिकवलं. त्यांतले बरेचसे बोलायला उपयोगी पडतात आणि पूर्ण भविष्यकाळ, म्हणजे फ्यूचर परफेक्ट, फक्त परीक्षेत रिकाम्या जागा भरायला, असं वर्गाचं एकमत होतं. पुढे बी.कॉम. होऊन बँकेच्या काउंटरमागे बसलो आणि पाहिलं तर आमचा सगळा धंदाच या एका काळावर चाललेला! मुदत ठेव, आवर्ती ठेव, घराचं कर्ज, सगळ्यांचं व्याकरण एकच.

कृती सोपी आहे. एक 'विल' घ्यावं, त्यात 'हॅव' घालावं आणि वर क्रियापदाचं तिसरं रूप सोडावं. जुन्या वळणाचे मास्तर 'आय' आणि 'वुई' यांच्यासाठी 'शॅल' मागत. आता 'विल' सगळ्यांना चालतं. कर्ता 'ही' असो की 'शी', 'हॅव'चं 'हॅज' होत नाही. नकार हवा असेल तर 'विल'नंतर 'नॉट' घालावं. प्रश्न हवा असेल तर 'विल'ला उचलून कर्त्याच्या पुढे बसवावं. आणि शेवटी 'बाय'ची फोडणी. 'आय विल हॅव फिनिश्ड द वर्क बाय फाइव्ह ओक्लॉक.' म्हणजे, पाच वाजेपर्यंत माझं काम पूर्ण झालेलं असेल.

आता हे वाक्य सकाळी दहा वाजता म्हणून बघा. कामाला अजून हात लागलेला नाही. चहासुद्धा यायचाय. पण बोलणारा मनानं संध्याकाळच्या पाचात जाऊन उभा राहिलाय आणि मागे वळून स्वतःचं संपलेलं काम कौतुकानं बघतोय. साधा भविष्यकाळ म्हणतो, 'मी काम करीन.' त्यात निदान घामाचा वास तरी येतो. पूर्ण भविष्यकाळात घाम वाळलेला असतो आणि कपडे बदललेले असतात. दहा ते पाच हा जो मधला, काम करण्याचा, कंटाळवाणा भाग आहे, तो वाक्यात कुठेच नाही. म्हणून मला पडलेला प्रश्न व्याकरणाचा नाही, नीतीचा आहे. जे अजून केलेलं नाही ते आज जमेला धरणं हा प्रामाणिकपणा आहे का?

आमच्या हिशेबशास्त्राला विचाराल तर उत्तर रोखठोक आहे. व्हायचा असलेला नफा जमेला धरू नका आणि होऊ शकणाऱ्या तोट्याची मात्र तरतूद करून ठेवा. याला सावधगिरीचं तत्त्व म्हणतात. घराघरांत नेमकं याच्या उलट चालतं. येणाऱ्या बोनसचा फ्रीज दिवाळीच्या आधी आलेला असतो आणि मुलाच्या फीची तरतूद मात्र 'बघू'वर असते.

ॲरिस्टॉटललाही याच्या आसपासचा प्रश्न पडला होता. उद्या समुद्रावर लढाई होईल, हे वाक्य आजच खरं किंवा आजच खोटं असतं का, असा तो विचार करत बसला. ते आजच खरं ठरलेलं असेल तर मग सल्लामसलत कशाला आणि धडपड तरी कशाला, ही त्याची अडचण. दोन हजारांहून जास्त वर्षं मोठमोठी डोकी यावर भांडली आहेत. प्रत्येक कचेरीत मात्र एक गृहस्थ असे असतात की त्यांनी हा प्रश्न केव्हाच सोडवलेला असतो. काम 'होऊन जाईल' हे खरंच असेल तर ते आपणच कशाला करायचं, असं म्हणून ते पेपर उघडतात.

आपण मराठी माणसं तर इंग्रजांच्याही दोन पावलं पुढे आहोत. त्यांना 'विल' लागतं, 'हॅव' लागतं. आपण सरळ भूतकाळच वापरतो. न्हाणीघरातून माणूस ओरडतो, 'आलोच!' टॉवेल अजून दोरीवर, साबण डोळ्यांत, आणि क्रियापद बघा तर येऊन पोचलेलं. फोनवर 'पोचलोच' म्हणणारा चपला शोधत असतो. शिंप्याला विचारावं तर 'कपडे झालेच आहेत, काजं-बटणं तेवढी राहिलीत.' आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे 'झालं म्हणून समजा!' यात काम करायची जबाबदारी त्याची राहत नाही आणि समजायची जबाबदारी मात्र तुमच्यावर येते.

या काळाचा आणखी एक उपयोग आहे, तो मात्र लबाडीचा नाही. लेक रात्रीच्या गाडीनं गेलेली असते, तिचा फोन लागत नाही आणि आई घड्याळाकडे बघून म्हणते, 'पोचली असेल एव्हाना.' इंग्रजही इथे 'विल हॅव रीच्ड बाय नाऊ'च म्हणेल. हे भाकीत नाही, वचनही नाही. आईनं स्वतःची घातलेली समजूत आहे. इथे कुणी श्रेय मागत नाही, म्हणून कुणी फसतही नाही.

मग फसवणूक नेमकी कुठे होते? माझ्या मते सगळी मेख त्या 'बाय'मध्ये आहे. 'विल हॅव' हा नुसता दिमाख. 'बाय' ही जबाबदारी. आणि 'बाय द टाइम'च्या मागून पोटवाक्य आलं तर त्यात 'विल' चालत नाही. 'बाय द टाइम यू कम' म्हणायचं, 'विल कम' नाही. म्हणजे बाकीचं वाक्य भविष्यात कितीही भटको, ठरलेल्या वेळेला वर्तमानातच उभं राहावं लागतं. 'झालं म्हणून समजा' नेमकं हेच गाळतं. पूर्वी बिल्डर म्हणायचा, 'दसऱ्याला तुम्ही राहायला गेलेले असाल.' कुठल्या सालचा दसरा, हे अध्याहृत. शेवटी २०१६ साली संसदेला कायदा करावा लागला. आता प्रकल्प नोंदवताना पूर्णतेची तारीख जाहीर करावी लागते. ती चुकली तर ग्राहक व्याजासह पैसे परत मागू शकतो किंवा थांबला तर उशिराच्या दर महिन्याचं व्याज घेऊ शकतो. थोडक्यात, सरकारनं बिल्डरला 'बाय' शिकवला.

पुढच्या तारखेचा चेक हेही सही केलेलं पूर्ण भविष्यकाळाचं वाक्यच. शाळेत वाक्य चुकलं तर लाल रेघ बसायची. चेक खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आला आणि नोटीस देऊनही पैसे दिले नाहीत, तर १८८१ च्या कायद्याचं कलम १३८ आहे. दोन वर्षांपर्यंत कैद, चेकच्या रकमेच्या दुपटीपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्याकरणाचा इतका कडक मास्तर मी दुसरा पाहिला नाही.

घराचं कर्ज घ्यायला नवराबायको येतात. समजा, २० लाख, ९ टक्के, २० वर्षं. हप्ता सुमारे १८ हजार. 'वीस वर्षांनी घर आपलं झालेलं असेल,' असं ती त्याला हळूच म्हणते. मी सांगत नाही, पण तोवर त्यांनी सुमारे ४३ लाख भरलेले असतील. तरीही मला त्या वाक्यात खोटं दिसत नाही. कारण पूर्ण भविष्यकाळ जो मधला भाग गाळतो, तो त्यांनी २४० हप्त्यांत मोडून कागदावर घेतलेला असतो. दर महिन्याच्या पाच तारखेला ते वाक्य थोडं थोडं खरं होत जातं.

आणि एक आजोबा येतात. वय ८१. परवा लाखाची ठेव ठेवायला आले, पाच वर्षांची, ७ टक्क्यांची. पावतीवर मुदतीअंतीची रक्कम छापून आली, १,४१,४७८. वारस म्हणून आठवीतल्या नातीचं नाव. ती अज्ञान, म्हणून तिच्या वतीनं तिच्या आईचं. मी म्हटलं, 'आजोबा, एक वर्षाची ठेवा ना. मध्येच लागले तर?' त्यांनी चष्मा पुसला. 'पाच वर्षांनी पोरगी बारावी झालेली असेल. सज्ञान झालेली असेल. पैसे तयार झालेले असतील. आणि मी...' इथे ते थांबले, हसले आणि म्हणाले, 'हे शेवटचं वाक्य तुम्ही कॉम्प्युटरात घालू नका हो. द्या पावती.'

मला वाटतं, उत्तर यांच्यापाशी आहे. उद्याचं काम आज झालेलं म्हणायचा हक्क त्यालाच, ज्यानं त्यापोटी आज काहीतरी काउंटरवर ठेवलंय. पैसा, घाम, निदान तारीख तरी. मग ते वाक्य खरं झालेलं बघायला तो स्वतः असो वा नसो. बाकीच्यांनी 'झालं म्हणून समजा' म्हटलं की रागावू नये. फक्त एवढंच विचारावं, 'कधीपर्यंत?'