उताराचे देणे

वाशीम जिल्ह्यातील शेतकऱ्याला उतार म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. १९९८ साली अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा बराचसा पठारावर वसलेला आहे. येथे पडलेला पाऊस दोन दिशांना वाटला जातो : काही पैनगंगेच्या वाटेने गोदावरीकडे, तर काही काटेपूर्णेच्या वाटेने पूर्णा-तापीकडे. जाताना तो रिकाम्या हाताने जात नाही. वरच्या बरडावर मुरूम उघडा पडतो आणि खालच्या वावरात काळ्या मातीचा थर चढत जातो. तेव्हा शेत सपाट करणे ही ज्याची त्याची खाजगी बाब आहे, असे जे आपण धरून चालतो, ते कितपत खरे?

पूर्वी केणीला बैल जुंपून उंचवट्याची माती खोलगटात ओढीत. काम वर्षानुवर्षे चाले. आता यंत्र ते दोन दिवसांत उरकते, आणि त्या घाईत पुष्कळदा सुपीक थर तळाशी गाडला जाऊन मुरूम वर येतो. जाणता शेतकरी वरची माती आधी बाजूला काढतो, खालची जमीन सारखी करतो, मग तीच माती पुन्हा पसरतो. उतार मोठा असेल तर तो सपाटीचा हट्टच धरीत नाही. समपातळीवर धुरे घालतो, पेरणी उताराला आडवी करतो. कारण पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा जोर चौपट होतो.

परंतु वाहून गेलेल्या मातीचे काय? ती कोणाची? सम्राट जस्टिनियनच्या सहाव्या शतकातील विधिसंहितेचा निर्वाळा असा की, नदीने हळूहळू, कोणाच्या लक्षात न येता आणलेला गाळ ज्याच्या जमिनीला लागला त्याचाच होतो. आपल्याकडील १८८२ चा इझमेंट कायदा सांगतो की, वरच्या जमिनीवरून स्वाभाविकपणे वाहणारे पाणी खालच्याने येऊ दिले पाहिजे. म्हणजे खालच्याने पाणी सोसायचे आणि माती पदरात पाडून घ्यायची. कायद्याचा हिशेब येथे मिटतो. नीतीचा मिटतो काय?

सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्विनास शिकलो. परतफेडीचे बंधन दोन कारणांनी येते, असे ते म्हणतात : एक घेण्याच्या कृतीमुळे, दुसरे हाती असलेल्या वस्तूमुळे. चोरी केली नसली तरी दुसऱ्याची वस्तू आपल्याजवळ असेल, तर तेवढ्यानेही आपण बांधले जातो. खालच्या शेतकऱ्याने कसलाही अपराध केलेला नाही, हे खरेच. पण त्याच्या वावरातील भरघोस तुरीत वरच्याच्या बरडाचा वाटा आहे. कोणी म्हणेल, वरच्याने धुरा का राखला नाही? प्रश्न रास्त आहे. मात्र बरड बहुधा गरिबाच्याच वाट्याला येते, आणि ज्याला खताची गोणी परवडत नाही त्याने यंत्राच्या तासांचे भाडे कोठून आणावे? माती टोपल्यांनी परत वर नेता येत नाही. धुऱ्यासाठी चार दिवसांचे श्रम मात्र नेता येतात. आणि आमच्या मते ते उपकार म्हणून नव्हे, देणे म्हणून द्यावेत. वरचे पाणी मुरले तर खालच्या विहिरीला पाझर वाढतो, हा लाभ आहेच. तो नसता तरी देणे राहिलेच असते.

स्विस येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर भागात आयुष्य वेचले. भारत-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रम त्यांच्याच पुढाकाराने उभा राहिला. पाणलोटाच्या कामात आरंभ माथ्यापासून करून पायथ्याकडे यायचे असते आणि गावाने श्रमदान करायचे असते. पायथ्याच्या धनवंतांना हा क्रम पचायला जड जातो, यात नवल ते काय!

आता हाच हिशेब थोडा लांबवून पाहू. काटेपूर्णेचे पाणी महानच्या धरणात साठते आणि अकोला शहर ते पिते. वाशीमच्या उतारावरची माती सुटली की तिचा गाळ याच धरणात जातो. वर एखादा अल्पभूधारक आपल्या दोन एकरांवर धुरा घालतो, तेव्हा तो नकळत अकोल्याच्या नळाचीही राखण करीत असतो. पण तोच शेतकरी सारे पाणी वरच अडवू लागला, तर धरणात पाणी कमी आले अशी तक्रार शहराने करावी काय? त्या धुऱ्याला आजवर एक पैसाही न दिलेल्या शहराचा त्या पाण्यावर हक्क किती, हे वाचकांनीच ठरवावे.