दुसऱ्या अल्बमचे श्रोते

रॉक बँडच्या पहिल्या अल्बममागे बहुधा चार-पाच वर्षांची पुण्याई असते. कॉलेजच्या गॅदरिंगपासून वाजवून वाजवून घासलेली, प्रेक्षकांसमोर पारखलेली गाणी त्यात येतात. दुसरा अल्बम वर्ष-दोन वर्षांत, दौऱ्यांच्या धावपळीत उरकावा लागतो. तोवर श्रोत्यांचा एक वर्ग तयार झालेला असतो आणि बँडकडून काय हवे ते त्याने ठरवून टाकलेले असते. म्हणून दुसऱ्या अल्बमवरची मते तपासली तर त्यांतली निम्मी खरे म्हणजे पहिल्याविषयीची निघतात. मराठी वाचकाला हा प्रकार नवा नाही. भालचंद्र नेमाडे यांची ‘कोसला’ १९६३ साली आली, ‘बिढार’ १९७५ साली. मध्ये बारा वर्षे गेली, नायक बदलला, आवाका बदलला. तरी ‘बिढार’वरची चर्चा ‘कोसला’ची फूटपट्टी हातात घेऊनच सुरू होत राहिली.

१९९०च्या दशकातल्या अल्टरनेटिव्ह रॉकमध्ये ही अडचण दुहेरी झाली. बाजारात चालणाऱ्या संगीतापेक्षा आपण वेगळे आहोत, हाच या संगीताचा दावा होता. पण नव्वदीच्या सुरुवातीला एमटीव्हीने आणि मोठ्या कंपन्यांनी याच बँडना बाजाराच्या मधोमध नेऊन बसवले. मग दुसरा अल्बम पहिल्यासारखाच काढला तर ‘विकले गेले’ आणि वेगळा काढला तर ‘बिघडले’, अशा दोन्ही बाजूंनी बोलणी ठरलेली. श्रोत्यांच्या मताचा हा खेळ आरंभापासून शेवटपर्यंत पाहायचा असेल, तर लॉस एंजेलिसच्या ‘वीझर’ या बँडचे उदाहरण सर्वांत सोयीचे. तिथे मते नोंदली गेली, उलटली आणि उलटलेलीही नोंदली गेली.

वीझरचा पहिला अल्बम मे १९९४मध्ये आला. निर्माता होता ‘द कार्स’ या बँडचा रिक ओकासेक. घोटीव सुरावट, स्वच्छ ध्वनिमुद्रण, थोडा विनोद आणि गमतीदार व्हिडिओ असा तो मामला होता आणि तो धडाक्याने खपला. या यशानंतर गायक-गीतकार रिव्हर्स क्वोमोने १९९५मध्ये हार्वर्ड विद्यापीठात नाव घातले. त्याच सुमारास त्याच्या पायावर वेदनादायक शस्त्रक्रिया झाली होती. पहिल्या अल्बमनंतर अंतराळात घडणारी एक रॉक-संगीतिका करण्याचे घाटत होते. ती कल्पना बारगळली आणि तिच्या जागी एकटेपणाची, अवघडलेल्या इच्छांची, स्वतःवरच चिडलेली गाणी आली. बँडने या वेळी निर्माता घेतला नाही. गिटारी खरखरीत ठेवल्या, आवाज फाटला तर फाटू दिला. २४ सप्टेंबर १९९६ रोजी ‘पिंकर्टन’ प्रसिद्ध झाला. नाव पुच्चिनीच्या ‘मादामा बटरफ्लाय’ या ऑपेरातल्या बेजबाबदार नौदल अधिकाऱ्याचे आणि मुखपृष्ठावर जपानी चित्रकार हिरोशिगेचे हिमवर्षावातल्या रात्रीचे चित्र. पिंकर्टन नावाच्या अमेरिकी सुरक्षा कंपनीने नावावरून कोर्टात धाव घेतली, पण तिचे काही चालले नाही.

अल्बम अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत १९व्या क्रमांकाच्या वर चढला नाही. पहिल्या अल्बमच्या मानाने खप फारच कमी झाला आणि रेडिओवाल्यांनीही हात आखडता घेतला. ‘रोलिंग स्टोन’ मासिकाच्या वाचकांनी तर १९९६मधल्या सर्वांत वाईट अल्बमांत त्याची वर्णी लावली. क्वोमोने हा कौल मनाला लावून घेतला. बँड थंडावला, बास वाजवणारा मॅट शार्प १९९८मध्ये बाहेर पडला आणि २००१मध्ये तिसरा अल्बम आला तो मुद्दाम पहिल्याच्या वळणावर, रिक ओकासेकलाच बोलावून केलेला. त्या काळातल्या मुलाखतींत क्वोमो ‘पिंकर्टन’ला जवळजवळ अंगावरची घाण झटकावी तसा झटकत होता.

पण त्याच मासिकाच्या वाचकांनी २००२मध्ये ‘पिंकर्टन’ला सार्वकालिक श्रेष्ठ अल्बमांत १६वे स्थान दिले. २००४मध्ये मासिकाने स्वतःच्या जुन्या परीक्षणातल्या तीन तारे या निवाड्याच्या जागी पाच तारे दिले. अमेरिकेत पाच लाखांच्या खपाचे ‘गोल्ड’ प्रमाणपत्र २००१मध्ये आणि दहा लाखांचे ‘प्लॅटिनम’ २०१६मध्ये मिळाले. २०१०च्या दौऱ्यात बँडने हा अल्बम पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत रंगमंचावर वाजवला.

‘श्रोत्यांचे मत बदलले’ असे याचे वर्णन सर्रास होते. ते अर्धेच खरे आहे. बदलले मुख्यतः मतदार. १९९६मध्ये कौल देणारा वाचक पहिल्या अल्बमवर खूश होऊन दोन वर्षे वाट पाहत बसलेला होता. त्याच्या हाती भलतेच काही पडले. २००२मधल्या वाचकांत, अल्बम आला तेव्हा शाळेत असलेल्यांचा भरणा होता. १९९९नंतर नॅपस्टरसारख्या फाइल-शेअरिंगमुळे गाणी फुकट हिंडू लागली आणि या पोरांपर्यंत ती आली तेव्हा मागच्या अपेक्षेचे ओझे त्यांच्यावर नव्हते. पौगंडावस्थेतल्या एकटेपणाचा इतका उघडा कबुलीजबाब त्यांना दुसरीकडे मिळत नव्हता. शिवाय वाचक-कौलाचा स्वभावच असा की ज्याला आच असते तोच मत टाकतो. १९९६मध्ये आच निराश झालेल्यांना होती. सहा वर्षांनी ते दुसऱ्या गोष्टींकडे वळलेले होते आणि मत टाकायला भक्तमंडळी उरली होती. या काळात ‘इमो’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नव्या बँडनी ‘पिंकर्टन’ला गुरुस्थानी मानले, हेही त्याच्या पथ्यावर पडले.

सगळ्याच दुसऱ्या अल्बमांची अशी परीक्षा होत नाही. निर्वाणाचा ‘नेव्हरमाइंड’ हाही दुसराच, ‘पिंकर्टन’च्या बरोबर पाच वर्षे आधी, २४ सप्टेंबर १९९१ रोजी आलेला. पण १९८९चा ‘ब्लीच’ फारच थोड्यांनी ऐकला होता, त्यामुळे तुलनेला माणसेच नव्हती. रेडिओहेडच्या ‘द बेंड्स’ला १९९५मध्ये उलटा फायदा मिळाला: ‘क्रीप’ या एकाच गाण्याचे धनी म्हणून त्यांना मोडीत काढायची तयारी झाली होती आणि खालच्या अपेक्षेवरून वर चढणे सोपे असते. त्याच वर्षी ओएसिसचा दुसरा अल्बम ब्रिटिश परीक्षकांनी नाके मुरडत घेतला आणि लोकांनी डोक्यावर घेतला. स्टोन रोझेसनी पहिल्यानंतर पाचेक वर्षे लावून १९९४च्या अखेरीस ‘सेकंड कमिंग’ आणला. एवढ्या प्रतीक्षेनंतर चांगला अल्बमही कमीच वाटला असता. जाता जाता सांगायचे तर, मुंबईच्या ‘रॉक मशीन’ने आपल्या दुसऱ्या अल्बमला जवळपास हेच नाव चार वर्षे आधी, १९९०मध्ये दिले होते.

भारतात हे संगीत पोचले ते १९९१नंतरच्या उपग्रह वाहिन्यांतून आणि कॅसेटमधून. कॅसेटचा इथल्या मतांवर परिणाम झाला, आणि तो बारकाईने पाहण्याजोगा आहे. कोऱ्या कॅसेटमध्ये ९० मिनिटांची कॅसेट लोकप्रिय होती. एका बाजूला ४५ मिनिटे. वीझरचा पहिला अल्बम सुमारे ४१ मिनिटांचा आणि दुसरा सुमारे साडेचौतीस मिनिटांचा, दोन्हींत दहा-दहा गाणी. म्हणजे मित्राकडून भरून घेतलेल्या एकाच कॅसेटच्या ‘ए’ बाजूला पहिला आणि ‘बी’ बाजूला दुसरा अल्बम बसे, वर दुसऱ्या बाजूला दहा मिनिटे उरत. त्या दहा मिनिटांत भरणारा आपल्या आवडीची दुसऱ्याच कुणाची दोन-तीन गाणी टाकून देई. अशा कॅसेटवर दोन्ही अल्बम एकाच दिवशी हाती येत. दोन वर्षांची वाट पाहणे नाही, परीक्षणे नाहीत, खपाचे आकडे नाहीत. कॅसेट उलटली की दुसरा अल्बम सुरू. वॉकमनवर गाणी पुढे पळवली की सेल लवकर उतरत, म्हणून न आवडलेले गाणेही चार वेळा ऐकले जाई आणि पाचव्या वेळी ते आवडू लागे. ‘पिंकर्टन’सारख्या सावकाश उलगडणाऱ्या अल्बमला ही ऐकण्याची रीत मानवणारी होती. अमेरिकी वाचकांचा १९९६चा राग इथल्या कित्येक श्रोत्यांना समजलाच नाही, तो या अर्थाने.

इथल्या बँडच्या वाट्याला मात्र वेगळेच दुखणे आले. त्यांचा दुसरा अल्बम त्यांच्याच पहिल्याशी कमी आणि परदेशी बँडशी जास्त तोलला गेला. मुंबईत धोबी तलावाजवळच्या रंगभवनात १९८६पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ भरू लागले. तिथल्या गर्दीला आयर्न मेडन, पिंक फ्लॉइड यांची गाणी हुबेहूब हवी असत. स्वतःचे गाणे सुरू झाले की आरडाओरडा ठरलेला. छापील मताला जागा म्हणावी तर अमित सैगल यांनी १९९३मध्ये अलाहाबादहून सुरू केलेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ होते. बाकी मत म्हणजे कँटीनमधली हुज्जत.

मुंबईच्या ‘पेंटाग्रॅम’चे उदाहरण या संदर्भात मोलाचे. विशाल ददलानी, रँडॉल्फ कोरिया, पापल माने आणि शिराझ भट्टाचार्य या चौघांचा हा बँड नव्वदीच्या मध्यास उभा राहिला. १९९६च्या त्यांच्या पहिल्या अल्बमचे नाव ‘वुई आर नॉट लिसनिंग’. श्रोत्यांच्या मताविषयीची भूमिका याहून सडेतोड सांगता आली नसती. तो अल्बम जड गिटारींचा होता. दुसरा, ‘अप’, थेट २००२मध्ये आला आणि त्यात इलेक्ट्रॉनिक ताल व यंत्रध्वनी पुढे आले. गिटारीच्या दणक्यावर डोके हलवायला येणाऱ्याला हे पाणचट वाटणे साहजिक होते. नाचायला येणाऱ्याला नवे दार उघडल्यासारखे वाटणेही तितकेच साहजिक. मधल्या सहा वर्षांत ददलानी शेखर रावजियानीसोबत चित्रपट-संगीतात शिरले होते आणि २००३च्या ‘झंकार बीट्स’नंतर ‘विशाल-शेखर’ हे नाव घरोघरी पोचले. तेव्हापासून ‘अप’ ऐकणाऱ्यांचे दोन तट पडले: एक बँडकडून चित्रपटांकडे संशयाने पाहणारा, दुसरा चित्रपटांकडून कुतूहलाने बँडकडे येणारा. दुसऱ्या तटाला ‘वुई आर नॉट लिसनिंग’ ठाऊकच नव्हता, त्यामुळे बँड बदलल्याची तक्रारही नव्हती. २००५मध्ये पेंटाग्रॅम इंग्लंडच्या ग्लॅस्टनबरी महोत्सवात वाजवून आला. तिथवर मजल मारणारा तो पहिला भारतीय बँड. त्यानंतर तक्रारीचा सूर खाली आला. बाहेरची पावती मिळाली की घरची नाराजी मवाळ होते, हा आपल्याकडचा जुना रिवाज रॉकलाही चुकला नाही.

बेंगळुरूमध्ये ‘थर्मल अँड अ क्वार्टर’ हा बँड १९९६मध्ये क्राइस्ट कॉलेजच्या वर्तुळात जन्मला. ब्रूस ली मणी यांची गिटार आणि गाणे, राजीव राजगोपाल यांचे ड्रम. पहिला अल्बम २०००मध्ये आला आणि त्याचे नाव बँडच्या संकेतस्थळाच्या पत्त्यावरून ठेवलेले होते. दुसरा, ‘ज्युपिटर कॅफे’, २००२मध्ये. स्वतःचीच गाणी वाजवायची हा या बँडचा हट्ट आणि जॅझ-फंकच्या अवघड लयी ही त्यांची खोड. अशा संगीताविषयी मते हमखास दोन टोकांना जातात: वाजवणाऱ्यांना ते डोक्यावर घ्यावेसे वाटते, नुसत्या ऐकणाऱ्याला गुणगुणायला काही सापडत नाही. पण बेंगळुरूचा श्रोताच तेव्हा बदलत होता. जुलै २००१मध्ये देशातले पहिले खासगी एफएम केंद्र तिथे सुरू झाले होते. शहर पूर्वेला व्हाइटफील्डच्या सॉफ्टवेअर कंपन्यांकडे आणि पुढे होसकोट्याकडे सरकत होते. होसकोट्याला व्होल्वोचा ट्रकचा कारखाना १९९८पासून चालू होता. पुणे, कोल्हापूर, बेळगावकडून नोकरीसाठी आलेल्या तरुण इंजिनिअरांनी या बँडचा पहिला अल्बम कधी ऐकलेला नव्हता. ते शनिवारी संध्याकाळी ओल्ड मद्रास रोडने शहरात येत, कार्यक्रम ऐकत आणि जमल्यास अल्बम विकत घेत. त्यांच्या लेखी ‘ज्युपिटर कॅफे’ हीच सुरुवात. बँडने पुढचा ‘प्लॅन बी’ २००५मध्ये इंटरनेटवर फुकट देऊन टाकला आणि कुणी कुठला अल्बम आधी ऐकला याचा हिशेबच मोडला.

अल्बमचा क्रमांक श्रोत्यागणिक कसा बदलतो, याचा कळस ‘इंडस क्रीड’मध्ये दिसतो. उदय बेनेगल, महेश तिनईकर आदींचा हा बँड १९८४पासून ‘रॉक मशीन’ या नावाने वाजवत होता. त्या नावाने १९८८ आणि १९९०मध्ये दोन अल्बम झाले. १९९३च्या सुमारास नाव बदलले, सूर मोकळा झाला, सतार-तबल्यासारखा देशी रंग मिसळला आणि १९९५मध्ये ‘इंडस क्रीड’ याच नावाचा अल्बम आला. जुन्या चाहत्यांच्या मोजणीत तो तिसरा आणि त्यांची नाराजीही तिसऱ्याला शोभणारी: पूर्वीचा कडक हार्ड रॉक कुठे गेला? चॅनेल व्ही आणि एमटीव्हीवर बँड पहिल्यांदा पाहणाऱ्यांना तोच पहिला. १९९७मध्ये बँड मोडला, २०१०मध्ये पुन्हा जमला आणि २०१२मध्ये ‘इव्हॉल्व्ह’ आला. नव्या नावाच्या हिशेबाने हा दुसरा अल्बम, पहिल्यानंतर सतरा वर्षांनी. १९९५ची कॅसेट जपून ठेवलेला श्रोता तोवर चाळिशीकडे झुकला होता आणि त्याने ‘इव्हॉल्व्ह’मध्ये आधी जुने सूर शोधले. पुण्यात २०१०पासून भरू लागलेल्या एनएच७ वीकेंडरसारख्या महोत्सवांवर वाढलेल्या विशीतल्या पोरांनी मात्र तो समकालीन बँडच्या रांगेत उभा करून ऐकला; रॉक मशीनच्या दोन अल्बमांच्या कॅसेट तेव्हा दुकानांत मिळतही नव्हत्या.