शिकलेला माणूस, शिकलेली कचेरी

सरकारी कर्मचाऱ्यांना कृत्रिम बुद्धिमत्ता शिकवायची, अशी सध्या मोठी हवा आहे. त्या चर्चेत पुन्हा पुन्हा एकच आकडा पुढे येतो : किती जणांनी अभ्यासक्रम पूर्ण केला, किती प्रमाणपत्रे निघाली. मला ही मोजणी उथळ वाटते. महाराष्ट्राने ती एकदा करून पाहिली आहे.

२००१ साली एमएस-सीआयटी ही संगणक साक्षरतेची परीक्षा आली. आमच्या परभणी जिल्ह्यातल्या सेलू, जिंतूर, गंगाखेडच्या मुलामुलींची संगणकाची भीती तिने घालवली, हे ऋण मोठे आहे. पुढे ती सरकारी नोकरीची अट झाली. मुदतीत उत्तीर्ण न होणाऱ्यांची वेतनवाढ रोखली गेली. माझा वाद परीक्षेशी नाही. शंभर माणसे उत्तीर्ण झाली म्हणजे कचेरी शिकली, या हिशेबाशी आहे.

कारण कचेरीचे ज्ञान माणसांच्या बेरजेने होत नाही. चुकीची नोंद कोणत्या क्रमाने दुरुस्त करायची, सर्व्हर बंद असताना आलेल्या शेतकऱ्याचा अर्ज कुठे टिपून ठेवायचा, जुनी फाइल कोणत्या नावाने साठवली आहे, हे कुठल्याच प्रश्नपत्रिकेत नसते. ते एका ऑपरेटरच्या डोक्यात असते, आणि पुष्कळदा तो कंत्राटी असतो. तो रजेवर गेला की खिडकीवर ‘उद्या या’ ऐकू येते. त्याच खोलीत प्रमाणपत्रधारक चौघे बसलेले असतात. चौघेही प्रामाणिक असतात, चौघांनाही संगणक येतो. कचेरीला येत नाही. यावर प्रमाणपत्रवाले म्हणतील, मग अभ्यासक्रम वाढवा. वाढवा, पण पाचव्या प्रमाणपत्रानेही ऑपरेटरच्या डोक्यातले कागदावर उतरणार नाही.



आता पाळी गावच्या सोसायट्यांची आहे. २०२२ मध्ये केंद्राने देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे याच सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. एकेका गटसचिवाकडे अनेक सोसायट्यांचे दप्तर असते. त्याला प्रशिक्षण मिळेल. पण सोसायटीला काय मिळेल? संचालकांपैकी कुणाला पडद्यावरचा कर्जखात्याचा उतारा वाचता येत नसेल, तर पूर्वी वही सचिवाच्या पिशवीत होती, आता ती त्याच्या पासवर्डात गेली, एवढाच फरक.

माणसाबरोबर त्याची विद्याही जाण्याचे नुकसान परभणीने आधीच भोगले आहे. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या राज्यात होता आणि महसुली दप्तर मुख्यतः उर्दूत, काही मोडी लिपीत लिहिले जाई. ते सहज वाचणारी माणसे त्याच कचेऱ्यांत बसत. भाषा बदलली, ती माणसे निवृत्त झाली. वाचण्याची विद्या पुढच्याला देणे हे कुणाचे कामच नव्हते. २०२३ मध्ये मराठ्यांना कुणबी दाखले देण्यासंबंधीच्या न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीसाठी आपण मराठवाड्यात कुणबी नोंदी शोधू लागलो, तेव्हा उर्दू आणि मोडी जाणणारे बाहेरून शोधावे लागले. दप्तर आपलेच होते, आपल्याच कपाटात होते.

म्हणून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना माझी विनंती आहे. पुढच्या आढावा बैठकीत प्रमाणपत्रांचा आकडा मागू नका. प्रत्येक कचेरीला विचारा : ऑपरेटर आठवडाभर रजेवर होता तेव्हा त्याचे काम कुणी केले, आणि ते कुठे लिहून ठेवले आहे?