बिननाकाचा ट्रक

ग्वाल्हेरच्या दाल बाजारात दहाचाकी ट्रक मागे घ्यायचा तर दोन माणसं लागतात. एक ड्रायव्हर स्टेअरिंगवर, आणि दुसरा क्लीनर, डाव्या अंगाने पायी चालत ट्रकच्या फळ्यांवर तळहात आपटणारा. थापांचा ठेका चालू आहे तोवर येऊ द्यायचं, ठेका तुटला की ब्रेक. मागे चण्याच्या गोण्यांची थप्पी, मध्येच घुसलेली ई-रिक्षा, पाठीवर पोतं घेऊन वाकलेला हमाल. दौलतराव शिंद्यांच्या छावणीचं १८१० च्या सुमारास शहर होत गेलं, तेच हे लष्कर. इथल्या गल्ल्या बैलगाडी आणि घोड्याच्या बेताने पडलेल्या.

इथे लांब नाकाचा अमेरिकन ट्रक वळणार कसा? म्हणून आपण युरोपसारखा चपट्या तोंडाचा घेतला, असं स्पष्टीकरण सहसा मिळतं. ऐकायला ते पटतं. पण ट्रकचं तोंड गल्ली पाहून ठरत नाही. कायदा फूटपट्टी कुठून कुठवर लावतो, यावर ठरतं.

युरोपियन संघाच्या १९९६ च्या निर्देशात ट्रॅक्टर आणि सेमी-ट्रेलर मिळून १६.५ मीटरची मर्यादा आहे. मोजणी पुढच्या बंपरपासून शेपटापर्यंत. इंजिनासाठी पुढे काढलेला प्रत्येक फूट मालाच्या जागेतून वजा होणार, म्हणून ड्रायव्हर इंजिनाच्या डोक्यावर बसतो. अमेरिकेत नेमकं उलट झालं. १९८२ च्या कायद्याने, राष्ट्रीय जाळ्यातल्या महामार्गांवर अशा गाडीच्या एकूण लांबीला मर्यादा घालायचीच राज्यांना मनाई केली. मोजायचा तो फक्त ट्रेलर. आज तिथला नेहमीचा ट्रेलर ५३ फुटी, म्हणजे १६ मीटरहून थोडा जास्त. युरोपात अख्खी गाडी जेवढी, जवळपास तेवढा तिथे नुसता ट्रेलर! पुढचं नाक फुकटात. १९८२ च्या आधी, राज्याराज्यांतून एकूण लांबी मोजली जात होती तेव्हा, चपट्या तोंडाचे ट्रक अमेरिकेतही सर्रास दिसत. कायदा बदलला आणि ते हळूहळू महामार्गांवरून हटले. अमेरिकन माणसाला मुळातच दांडगी गाडी लागते, ही मीमांसा मला त्यामुळे कधी पटली नाही.

आपल्याकडे दोन्ही घराणी येऊन गेली. जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला जुळणी सुरू केली. पुढे वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने क्रायस्लरच्या सहकार्याने कुर्ल्यात डॉज आणि फार्गो ट्रक काढले. १९५४ मध्ये टाटांच्या टेल्कोने डायम्लर-बेंझशी हातमिळवणी केली आणि जमशेदपूरहून मर्सिडीज ट्रक निघू लागले. तेही सुरुवातीला नाकवालेच. नाकवाले टाटा पुढे कित्येक वर्षं याच गल्ल्यांमधून फिरले आणि वळलेही. मागे पडले ते गल्लीमुळे नव्हे, तेवढ्याच लांबीत चपट्या ट्रकला मोठा हौदा मिळतो म्हणून. अमेरिकेच्या नॅव्हिस्टारने महिंद्रांबरोबर चाकणला कारखाना काढला, तेव्हा तिथूनही चपट्या तोंडाचाच ट्रक बाहेर पडला. आडत्याचं आणि ट्रकमालकाचं गणित एकच: भाडं मालाचं मिळतं, नाकाचं नाही.

इथवर तक्रार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. युरोपात हे चपटं तोंड एकटं आलं नाही, त्याच्याबरोबर आणखी बरीच बंधनं आली. साडेचार तास गाडी हाकली की पाऊण तास विश्रांती, दिवसाला सर्वसाधारणपणे नऊच तास, आणि हे सगळं नोंदवणारा टॅकोग्राफ केबिनमध्ये. अमेरिकेत मुभा अधिक, चौदा तासांच्या आत अकरा तास. पण डिसेंबर २०१७ पासून तिथेही बहुतेक लांब पल्ल्याच्या गाड्यांना इलेक्ट्रॉनिक नोंद सक्तीची झाली. आपला १९६१ चा मोटर परिवहन कामगार कायदा म्हणायचा दिवसाला आठ तास, आठवड्याला अठ्ठेचाळीस. कागदावर तिघांत सर्वात कनवाळू आपणच! मात्र ते आठ तास मोजणारं यंत्र मालट्रकमध्ये सरसकट सक्तीचं नाही. अकोल्याहून तूरडाळ भरून इंदूर, गुणा, शिवपुरी करत मुंबई-आग्रा रस्त्याने ग्वाल्हेरला आलेल्या ट्रकचा फास्टॅग प्रत्येक टोलनाक्यावर नोंदला जातो. ज्या मालाला ई-वे बिल लागतं, त्याच्या बिलाला दोनशे किलोमीटरमागे एक दिवस अशी मुदत असते. डाळ कुठे, किती वाजता होती, हे सरकारला ठाऊक असतं. ड्रायव्हर शेवटचा कधी झोपला, हे कोणालाच नाही.

वजनाची गोष्टही अशीच. अमेरिकेत महामार्गावरची सर्वसाधारण कमाल मर्यादा ८०,००० पौंड, म्हणजे सुमारे ३६ टन. युरोपात बहुतांशी ४०. आपण जुलै २०१८ मध्ये दहाचाकीची मर्यादा २५ वरून २८.५ टनांवर आणि मोठ्या जोडगाड्यांची ४९ वरून ५५ वर नेली. धुरे आणि चाकं वेगळी असल्याने ही तुलना तंतोतंत नाही, हे मान्य. तरी जो जादा माल आधीपासून भरला जातच होता, त्यातल्या काहीला आपण कायद्यात जागा करून दिली, असंच मला वाटतं.

त्यात शहराचा नियम घड्याळाचा. अवजड वाहनांना दिवसा नो-एंट्री, म्हणजे ट्रक गल्लीत शिरणार रात्री किंवा भल्या पहाटे. नेमका तेव्हा, जेव्हा ड्रायव्हरच्या डोळ्यांवर सगळ्यात जास्त झोप असते. चपट्या तोंडामुळे समोरचं चांगलं दिसतं म्हणावं, तर उंच केबिनमधून काचेच्या लगत खाली उभा असलेला हमाल दिसत नाही, डाव्या दाराखालची सायकल तर नाहीच. युरोपला हे उमगलं ते उशिराच. लंडनमध्ये बारा टनांवरच्या ट्रकना, ड्रायव्हरला सीटवरून थेट किती दिसतं यावर तारे दिले जातात, आणि ऑक्टोबर २०२४ पासून तीनपेक्षा कमी तारे असतील तर कॅमेरे-सेन्सर लावल्याशिवाय परवाना मिळत नाही. कचरागाड्यांसारख्या शहरी कामांसाठी मर्सिडीजने तर बुटक्या, भरपूर काचांच्या केबिनचा इकॉनिक १९९८ मध्येच काढला. पिथमपूरला व्होल्वो आणि आयशर २००८ पासून भागीदारीत ट्रक बनवतात. असा बुटका ट्रक डाळीच्या बाजारासाठी बनवा, असं त्यांना सांगणारा नियम आपल्याकडे नाही. गिऱ्हाईक आपण होऊन मागणार नाही. हौद्याची फूटभर लांबी जाते म्हटल्यावर कोण मागेल?

तोवर आपला कॅमेरा म्हणजे क्लीनर. भाडं परवडेना झालं की मालकाची पहिली कात्री त्याच्यावरच चालते, आणि हायवेवर एकट्या ड्रायव्हरचं निभतंही. गल्लीत निभत नाही. महापालिकेने नो-एंट्रीच्या पाटीखाली आणखी एक ओळ रंगवावी: डाव्या अंगाने चालणारा माणूस असल्याखेरीज ट्रक आत येणार नाही. ज्यांच्याकडे क्लीनर नाही त्यांच्यासाठी व्यापाऱ्यांनी गल्लीच्या तोंडाशी दोन माणसं पगारावर ठेवावीत आणि त्यांचा खर्च हमालीत धरावा. क्विंटलमागे तो पैशांतच निघेल.