धावपट्टीचं वतन

डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात इंडिगोची हजारो उड्डाणं रद्द झाली. वैमानिकांना आठवड्याला सलग ४८ तास विश्रांती द्यायची, रात्रीची लँडिंग कमी करायची, हे नियम येणार हे कंपनीला बरंच आधी ठाऊक होतं. तरी वैमानिक कमी पडले. विमानतळांवर बॅगांचे ढीग साचले. सरकारने भाड्यावर कमाल मर्यादा घातली, ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, आणि त्याच कंपनीला नव्या नियमांतल्या काही कलमांतून १० फेब्रुवारी २०२६ पर्यंत सूट दिली. भाड्याच्या मर्यादेवर बरीच चर्चा झाली. मला ही सूट जास्त बोलकी वाटते. देशात विमानाने फिरणाऱ्या दर दहा जणांतले सहाहून अधिक एकाच कंपनीचे प्रवासी असले, की नियम लावणाराच तिच्यापुढे हात जोडतो. गावात सावकार एकच असला की पंचांचंही त्याच्यापुढे काही चालत नाही, तसं.

मग सगळे म्हणाले, स्पर्धा हवी. आपल्याकडे ती कशी आणली गेली, हे मात्र आठवून पाहावं. १९५३ मध्ये खासगी विमान कंपन्या कायद्याने ताब्यात घेऊन सरकारने दोन महामंडळं केली. तो कायदा १९९४ मध्ये गेला. त्याच सुमारास ईस्ट वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त या खासगी कंपन्या आल्या आणि गेल्या. १९९७ मध्ये परदेशी विमान कंपन्यांना इथल्या कंपनीत भांडवल घालायला बंदी झाली. टाटा आणि सिंगापूर एअरलाइन्सचा बेत बारगळला. पुढे आणखी एक अट आली: पाच वर्षं देशात उडा, वीस विमानं जमवा, मगच परदेशी जा. पाच वर्षांची अट २०१६ पर्यंत टिकली. लोकलच्या डब्यात आधी शिरलेला माणूसच दारात आडवा उभा राहतो, त्याला आपण स्पर्धेचं धोरण म्हणत होतो.

आता ही दारं बरीचशी उघडली आहेत. खरं कुलूप आहे स्लॉटला.

स्लॉट म्हणजे अमुक वाजता धावपट्टी वापरण्याची परवानगी. मुंबईच्या जुन्या विमानतळाच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी मोकळेपणाने वापरता येत नाहीत. तासाला साधारण ४४ ते ४६ विमानांची ये-जा होते. त्यातल्या सकाळच्या आणि संध्याकाळच्या वेळा सोन्याच्या. नियम असा, की मिळालेल्या स्लॉटपैकी ८० टक्के वापरले तर पुढच्या हंगामात ते पुन्हा तुमचेच. हंगामामागून हंगाम. याला आपल्या भाषेत नेमका शब्द आहे: वतन. मुंबई राज्याने १९५० मध्ये परगणा आणि कुलकर्णी वतनं कायद्याने रद्द केली. धावपट्टीवरचं वतन मात्र त्यानंतर रुजलं.

वतनदाराचीही बाजू आहे. विमानं काही वर्षं आधी मागवावी लागतात. स्लॉटचा भरवसा नसेल तर पैसे कोण घालणार? हे मान्य. पण भरवसा एक आणि वंशपरंपरा दुसरी. छोट्या गावातून मुंबईला येणारं विमान भर दुपारी उतरलं, तर कोर्टाची तारीख असलेला माणूस त्यात कशाला बसेल? मग रिकाम्या खुर्च्या दाखवून सांगतात, तिकडे मागणीच नाही. छोट्या गावांना विमानाने जोडणाऱ्या उडान योजनेतलं अनुदान तीन वर्षांचं असतं. वतनाला मुदत नसते.

जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली, तेव्हा मुंबई-दिल्लीतले तिचे स्लॉट मोकळे झाले. एवढी संधी पुन्हा येत नाही. प्रवाशांची अडचण तातडीची होती, म्हणून ते आधीपासून असलेल्या कंपन्यांत तात्पुरते वाटले गेले. पुढे २०२१ मध्ये सरकारने कंपनी न्यायाधिकरणाला सांगितलं, जेटला जुन्या स्लॉटवर हक्क सांगता येणार नाही. अगदी बरोबर. फक्त हे तत्त्व बंद पडलेल्या कंपनीला ऐकवलं गेलं, चालत्या कंपन्यांना नाही.

स्पर्धा आयोगाकडून फार अपेक्षा नको. बाजारात मोठं असणं कायद्याने गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर गुन्हा. आणि तो सिद्ध होईपर्यंत वर्षं जातात. संगनमताचंही तेच: मालवाहतुकीचा इंधन अधिभार मिळून ठरवल्यावरून २०१५ मध्ये तीन कंपन्यांना २५८ कोटींचा दंड झाला होता. अपिलानंतर प्रकरण परत आलं, आणि २०१८ मध्ये तोच दंड सुमारे ५४ कोटींवर आला. शिवाय विस्तारा एअर इंडियात विलीन व्हायची होती तेव्हा आयोगाने अटी घालून संमती दिली. ब्रिटिश एअरवेजच्या मालक कंपनीने २०१२ मध्ये बीएमआय घेतली, तेव्हा युरोपीय आयोगाने तिला हिथ्रोवरचे काही स्लॉट सोडायला लावले होते. औषध कुठलं ते त्यांना कळलं होतं.

नवी मुंबई विमानतळावरून पहिली प्रवासी उड्डाणं २५ डिसेंबर २०२५ ला झाली. तिथले स्लॉट अजून कोणाचे वाडवडिलार्जित झालेले नाहीत. ते पाच वर्षांच्या मुदतीने द्यावेत, मुदत संपली की त्यांतला ठरावीक भाग परत घ्यावा, आणि पहाटेच्या काही वेळा कोल्हापूर, नांदेड, जळगावसाठी राखाव्यात. तिकीट महागलं म्हणून ओरडणाऱ्या प्रत्येकाने आपल्या खासदाराला एवढं तरी विचारावं: सकाळी सातची धावपट्टी कोणाला दिली, आणि किती वर्षांसाठी?