सारखे कशाला म्हणावे?

न्याय, सत्य, स्वातंत्र्य हे शब्द उच्चारताना माणूस थोडा तरी सावध होतो. 'सारखे' म्हणताना मात्र तो अगदी बेसावध असतो. दोन्ही पक्ष सारखेच, दोघे भाऊ सारखेच, सगळी माणसे देवाला सारखीच! आणि तरीही घरातली, गावातली आणि देशातली कितीतरी भांडणे याच एका शब्दापाशी येऊन अडतात. गणिताचा मास्तर म्हणून माझे सारे आयुष्य या शब्दाच्या संगतीत गेले. दोन आडव्या रेघांच्या त्या चिन्हाने मी किती फळे भरले, याची गणती नाही. म्हणूनच मला वाटते की या शब्दाची थोडी झाडाझडती घेण्याचा अधिकार मला आहे.

शाळेतल्या भूमितीपासूनच आरंभ करू. एक त्रिकोण उचलून दुसऱ्यावर ठेवला आणि तो तंतोतंत बसला, की ते एकरूप. पुढच्या धड्यात मुलांना समरूप त्रिकोण भेटतात. तेथे कोन तेच, पण बाजू लहानमोठ्या चालतात. म्हणजे पहिल्या धड्यात लांबी लक्षात ठेवायची आणि दुसऱ्यात ती विसरायची. टोपॉलॉजी नावाचे शास्त्र याच वाटेने आणखी पुढे जाते. ते लांबी विसरते, कोनही विसरते. आकृती जणू रबराची आहे असे मानून ती हवी तशी ताणा, दाबा, पिळा. फक्त फाडू नका आणि चिकटवू नका. एवढे पथ्य पाळून जे उरते, तेवढेच या शास्त्राच्या लेखी खरे. १८७२ साली फेलिक्स क्लाइन या जर्मन गणितज्ञाने हे सूत्र स्पष्ट शब्दांत मांडले: कोणते फेरफार चालवून घ्यायचे ते आधी ठरवा, आणि त्या फेरफारांतून जे अबाधित राहील त्याचा अभ्यास म्हणजे तुमची भूमिती. 'सारखे' हे वाक्य अपुरे आहे, ही गोष्ट मला क्लाइनमुळे उमगली. कशाचा विसर पाडून सारखे, हे सांगितल्यावाचून ते पुरे होत नाही.

आमच्या खंडाळ्याचेच उदाहरण घेतो. हे लोणावळ्याशेजारचे हवा खाण्याचे खंडाळे नव्हे. पुण्याहून साताऱ्याकडे जाताना खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी लागते ते. या घाटाने चढून पलीकडे उतरायचे आणि परतताना डोंगरातल्या बोगद्याने यायचे, ही व्यवस्था कित्येक वर्षे चालत आली. पुढे त्याच डोंगरात आणखी बोगद्यांचे काम निघाले. आता कल्पना करा, की कोणी एक लांबलचक दोरी घाटमाथ्यावरून पलीकडे नेली, बोगद्यातून परत आणली आणि दोन्ही टोकांची गाठ मारली. ती दोरी कितीही ओढा, डोंगर मध्ये आहे तोवर ती हाती यायची नाही. बोगदा नव्हता तेव्हा अशी अडकून बसणारी दोरी डोंगरावर टाकताच येत नव्हती; कोणतेही वेटोळे ओढून घेता येत होते. डोंगराची उंची तीच, दगड तोच, नकाशावरची जागाही तीच. तरी टोपॉलॉजीच्या नजरेने तो डोंगर आता पहिला राहिलेला नाही. इतके सारे विसरणारे शास्त्र ते एक भोक मात्र विसरत नाही.

आता वाचक विचारतील, याचा नीतीशी संबंध काय? तो मला एका वाटणीत दिसला. दोघा भावांच्या वाटणीचे क्षेत्र तपासून देण्यासाठी मला बोलावले होते. आकडे चोख होते, गुंठ्याला गुंठा जुळत होता. थोरला म्हणाला, "गुरुजी, आता तुम्हीच सांगा, काय कमीजास्त हाय का?" धाकटा खाली मान घालून म्हणाला, "क्षेत्र सारखंच हाय गुरुजी, पण माझ्या वावराला वाट न्हाई." खरेच, थोरल्याचे रान सडकेला लागून होते आणि धाकट्याचे त्याच्या पाठीमागे. क्षेत्रफळ या एका मापाने दोन्ही वाटे सारखे. सडकेशी जोडलेपण पाहिले तर एक मोकळा आणि एक कोंडलेला. मी थोरल्याला इतकेच विचारले, "तुम्ही मागचे रान घ्याल का?" तो बराच वेळ बोलला नाही. शेवटी बांधाकडेने गाडीवाट सोडायचे ठरले. आपल्या जुन्या लोकांना हे कळत होते. वाटणी 'सरस-निरस' पाहून करावी असे ते म्हणत. कायद्यालाही ते कळते: १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या १४३ व्या कलमात शेताच्या हद्दीवरून वाट देण्याचा अधिकार तहसीलदाराला आहे.

म्हणजे अन्याय दोन प्रकारचा असतो. जे लक्षात ठेवायला हवे ते विसरणे हा एक. जे विसरायला हवे ते लक्षात ठेवणे हा दुसरा. दुसऱ्या प्रकाराचे उत्तर याच तालुक्याने दिले आहे. ३ जानेवारी १८३१ रोजी नायगावी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. जोतीराव आणि त्यांनी १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा उघडली, तेव्हा समाज जातीचा आणि बाईपणाचा भेद पुढे करीत होता. पण अक्षर गिरवताना त्या भेदाने काय फरक पडतो? काहीच नाही. तेथे तो विसरणे हाच न्याय होता. उलट, शाळेचे दार सर्वांना सारखेच उघडे आहे असे सांगून जो मुलीच्या घरापासून शाळेपर्यंतची वाट पाहत नाही, तो पहिल्या प्रकारचा अन्याय करतो.

यावर एक आक्षेप येईल, आणि तो सोपा नाही. काय विसरायचे हे माणसानेच ठरवायचे असेल, तर प्रत्येक जण सोयीचे तेवढे विसरेल. थोरला भाऊ वाट विसरलाच होता! मग 'सारखे' हा शब्द बळवंताच्या हातातले हत्यार होऊन बसणार नाही काय?

याला गणिताजवळ एक उत्तर आहे, आणि त्याचे एक थोर उदाहरण मुंबईत घडले. १९६५ साली टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील एम. एस. नरसिंहन आणि सी. एस. शेषाद्री यांनी एक प्रमेय प्रसिद्ध केले. निदान दोन भोके असलेला एक पृष्ठभाग घ्या. त्यावर आमच्या घाटातल्या दोरीसारखी वेटोळी पडतात. प्रत्येक वेटोळ्याला लांबी न बदलणारे एक परिवर्तन नेमून देता येते. हे टोपॉलॉजीचे आणि बीजगणिताचे जग. त्याच पृष्ठभागाच्या प्रत्येक बिंदूवर एकेक सदिश अवकाश उभे करून त्यांची जुडगी बांधता येतात. हे भूमितीचे जग. त्यांतील काही जुडगी 'स्थिर' म्हणवतात. या दोघांनी दाखवले, की योग्य अटी घातल्या असता ही दोन जगे एकास एक जुळतात. वेटोळ्यांकडून जुडग्यांकडे जाण्याची वाट आधीपासून ठाऊक होती. कठीण होते ते परतणे: प्रत्येक स्थिर जुडगे अशा वेटोळ्यांतूनच येते, हे सिद्ध करणे. ही वाट पुढे फार लांब गेली. २०२४ साली नऊ गणितज्ञांनी पाच लेखांत मिळून 'भौमितिक लँगलंड्स' या नावाच्या अनुमानाची सिद्धता मांडली. त्याच्या मुळाशीही वेटोळी आणि जुडगी यांचेच नाते आहे.

गणितात दोन गोष्टी सारख्या म्हणायच्या तर नुसते जाणे पुरत नाही. परत येऊन दाखवावे लागते, आणि येता-जाता काही हरवलेले चालत नाही. विसरण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला आहे, पण काय विसरलो ते आधी जाहीर करावे लागते, आणि जो नियम दुसऱ्याला लावला तोच आपल्यालाही लावून घ्यावा लागतो. माणसांच्या व्यवहारात या कसोटीचे रूप अगदी साधे आहे. एकाने वाटे पाडावेत आणि दुसऱ्याने आधी उचलावा. आम्ही सारे सारखे, असे म्हणणे बळवंताला कठीण नाही; ते जाणे झाले. परतण्याची वाट म्हणजे दुर्बळाच्या जागी जाऊन राहण्याची तयारी. जो आपला वाटा बदलून घ्यायला तयार नाही, त्याला 'सारखे' हा शब्द वापरण्याचा अधिकार नाही, असे माझे मत झाले आहे.